ऋषीचे कूळ आणि कुत्र्याचे मूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. त्या यादीत कुत्र्याचे नाव घालायचे मात्र ते विसरले, आणि त्यांच्या या विसरभोळेपणाचे प्रायश्चित्त मी रोज सकाळी रस्त्यावर भोगतो आहे. माझ्या हातातल्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला मोत्या असतो. त्याची आई पिवळी लॅब्राडोर. वडील कोण, हे त्या माउलीलाच ठाऊक. मोत्या काळाभोर आहे, कान अर्धे उभे आणि अर्धे पडलेले, शेपूट मात्र थेट आमच्या गल्लीतली. त्याला पाहून समोरचे गृहस्थ थांबतात, चष्मा सावरतात आणि विचारतात, "काय हो, ओरिजिनल आहे का?"

ओरिजिनल! जणू मोत्या म्हणजे कुणीतरी कार्बन लावून काढलेली दुसरी प्रत! मी 'नाही' म्हटले, की गृहस्थांच्या चेहऱ्यावर मुलीच्या पत्रिकेत मंगळ निघावा तसे सांत्वनाचे भाव उमटतात. "असू द्या, असू द्या, तरी बरा दिसतो," असा धीर देऊन ते पुढे जातात. माणसाला तोंडावर जात विचारायची लाज आता लोकांना थोडीफार वाटू लागली आहे. ती दाबून ठेवलेली खाज ही मंडळी कुत्र्यावर भागवून घेतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता या 'शुद्ध' कुळांचेच मूळ जरा शोधू. ज्या सोनेरी रिट्रीव्हरचे फोटो पाहून आपली मुले हट्ट धरतात, तो कुत्रा कोण? १८६८ साली स्कॉटलंडमध्ये, पुढे लॉर्ड ट्वीडमाऊथ झालेल्या एका श्रीमंत गृहस्थाने आपला पिवळा रिट्रीव्हर 'नूस' आणि ट्वीड नदीकाठच्या पाणस्पॅनियल जातीची 'बेल' यांची जोडी जमवली. पुढच्या पिढ्यांत सेटरचेही रक्त आले. म्हणजे सरळ आंतरजातीय विवाह! लॅब्राडोरची कथा याहून वेगळी नाही. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे पाणकुत्रे. जाळी ओढणारे, मासे उचलून आणणारे, कुळशील नसलेले कष्टकरी. इंग्लंडच्या उमरावांनी त्यांना उचलले, वाढवले, आणि १९०३ साली तिथल्या केनेल क्लबाने लॅब्राडोर ही जात मान्य केली. सोनेरी भाऊबंदांना त्यानंतर वेगळे पान मिळाले. तो क्लबच मुळी १८७३चा. म्हणजे ज्या सनातन शुद्धतेपुढे आपण नाक घासतो, तिचे वय आपल्या पणजोबांपेक्षा फारसे जास्त नाही. कालचा संकर आज वहीत नोंदला गेला, की तो खानदानी. आजचा नोंदला गेला नाही, की तो 'असू द्या, असू द्या'!

मोत्याचा काळा रंग हाही गृहस्थांच्या मते त्याच्या वडिलांचा दोष. वस्तुतः खरे उलटे आहे. पिवळ्या लॅब्राडोरच्या अंगात बहुधा काळा रंग झाकलेला असतो. तो केसांत उतरवणारा रंगसूत्राचा एक दुवा मात्र तिच्यात बंद असतो. गल्लीतल्या वडिलांनी तो चालू दुवा दिला आणि आईचाच काळा रंग लेकरात उघड झाला. बिचाऱ्या वडिलांवर उगाच आळ!

पण थांबा. शुद्धतावाल्यांची खोड मोडली म्हणून संकरवाल्यांनी टाळ्या पिटू नयेत. त्यांच्यातही एक बिलंदर पंथ निघाला आहे. लॅब्राडोर आणि पूडल यांच्या पिल्लाला 'लॅब्राडूडल' असे बाळसेदार नाव द्यायचे, त्याचा केस गळत नाही अशी शपथ घ्यायची, आणि दोन शुद्ध कुत्र्यांइतकी किंमत सांगायची. ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन या गृहस्थांनी अंधांच्या वाटाड्या कुत्र्यांसाठी १९८९च्या सुमारास हा मेळ घातला, तो एका आंधळ्या बाईच्या यजमानांना कुत्र्याच्या केसांचे वावडे होते म्हणून. हेतू परोपकाराचा. पण त्यामागून जो बाजार उठला, तो पाहून २०१९ साली त्यांनीच जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. आणि वावड्याचे म्हणाल, तर २०१२ साली हॉलंडमधील संशोधकांनी तपासले, तेव्हा अशा 'निर्धोक' म्हणवणाऱ्या कुत्र्यांच्या अंगावर वावडे आणणारा पदार्थ इतरांपेक्षा कमी आढळला नाही. संकर झाला की रोग पळतात, हीही अर्धीच गोष्ट. कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठाने २०१३ साली चोवीस आनुवंशिक विकार तपासले. दहा विकार शुद्ध जातींत अधिक निघाले, तेरा दोहोंत सारखे, आणि गुडघ्याचा स्नायुबंध तुटण्याचा एक विकार संकरितांतच जास्त.

मग अशा संमिश्र रिट्रीव्हरकडून अपेक्षा तरी काय ठेवावी? पहिली ही, की काही ठरवून ठेवू नये. एकाच वेताची भावंडे उंचीला, केसाला, स्वभावाला निराळी निघतात. अमेरिकेत २०२२ साली अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास झाला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जातीने उलगडतो तो अवघा नऊ टक्के. बाकीचे त्याचे त्याचे, आणि बरेचसे तुमचे!

तरीही रिट्रीव्हरचे रक्त अगदीच मुके नसते. रिट्रीव्हर म्हणजे टिपलेले पाखरू शोधून आणणारा. पाखराला दात लागू न देता ते धन्याच्या हाती ठेवायचे, ही त्याच्या पूर्वजांची नोकरी. आपल्या घरी बदके पडत नाहीत. म्हणून तो पाहुण्यांची चप्पल, सूनबाईंचा रुमाल आणि आजोबांची कवळी अदबीने आणून देतो. यावर चिडण्यात अर्थ नाही. त्याच्या तोंडाला चेंडूचे काम द्यावे.

दुसरी गोष्ट भुकेची. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले, की सुमारे चौथा हिस्सा लॅब्राडोरांत भूक आवरणाऱ्या सूत्राचा एक तुकडाच गळलेला असतो. तो वारसा संकरितालाही मिळू शकतो. तेव्हा "बघा कसा केविलवाणा पाहतो" म्हणून सहावी पोळी घालणाऱ्या मावश्यांना आवरावे. जेवण मोजून, दिवसातून दोनदा. लठ्ठपणा आला की खुब्याचे दुखणे बळावते.

केस गळणार. डाळीत येतील, कोटावर येतील. अंगावर दुहेरी केस असले तर उन्हाळ्यात ते भादरू नयेत, रोज विंचरावेत. फिरणे सकाळी ऊन चढण्यापूर्वी आणि सूर्य मावळल्यावर; डांबरावर आपला अनवाणी पाय टिकत नसेल, तर त्याचाही टिकत नाही. पाण्याची ओढ असते, म्हणून लोंबते कान कोरडे ठेवावेत. गोचिड्यांचा ताप साधा समजू नये. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो यांच्या लसी चुकवू नयेत. आणि हा दिवाळीचा अंक आहे म्हणून मुद्दाम सांगतो: बेदाणा कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतो, चॉकलेट तर विषच. प्रेमाने दिलेला बेदाण्याचा लाडू त्याच्या जिवावर बेतू शकतो. फटाक्यांच्या रात्री त्याला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, माणसाच्या सोबतीने ठेवावे.

हे सारे सांगायचे कारण गंमत नाही. पिल्लू असताना सगळेच गोंडस. सहा महिन्यांनी कान उभे राहतात, नाक लांबते, आणि 'हा तर गावठी निघाला!' असा साक्षात्कार होऊन लोक त्याला गाडीत घालून दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडून येतात. हे मी माझ्या आसपास पाहिले आहे. घरात वाढलेला तो जीव ना रस्त्याच्या टोळीत सामावतो, ना रहदारीतून वाट काढतो. गाडी गेली त्या दिशेला तोंड करून तो बसून राहतो. याला फसवणूक म्हणायचे, तर फसला कोण? पैसे देणारा, की पोटाला पैसा न लागणारा?

विकणाऱ्यांवर कायदा आहे. २०१७च्या नियमांप्रमाणे पिल्ले जन्माला घालून विकणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंद केली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता कामा नये. पण विकत घेणाऱ्याच्या अकलेची नोंद कुठल्या मंडळाकडे करणार? तेव्हा नातवंडाला पाडव्याची भेट म्हणून पिल्लू आणण्याचा बेत असेल, तर आधी घरात एक बैठक घ्या. पहाटे कोण उठणार, गावाला गेल्यावर तो कुठे राहणार, डॉक्टरांचे पैसे कोण देणार? दहा ते चौदा वर्षांचा हा करार आहे. आज पाचवीत असलेला मुलगा पदवी घेऊन नोकरीला लागेल, तेव्हाही हा दाराशी शेपूट हलवत असेल. या प्रश्नांना उत्तरे असतील, तर आणा खुशाल. कुळाचा कागद नसला तरी आणा.

धर्मराजाने स्वर्गाच्या दारात कुत्र्याला सोडायचे नाकारले, तेव्हा त्याच्या गळ्यात वंशावळीचा बिल्ला नव्हता. दत्तगुरूंच्या पायांशी चार श्वान बसतात. त्यांतला ओरिजिनल कोणता, असे औदुंबराखाली कोणी विचारत नाही. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली, तेव्हा कोरडी खाऊ नकोस म्हणत ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, असे सांगतात. ही आपली परंपरा. सकाळच्या त्या चष्मेवाल्या गृहस्थांना एवढेच सांगणे आहे, की महाराज, मोत्याची जात विचारायची हौस अजून फिटली नसेल, तर आधी नामदेवांच्या त्या कुत्र्याची विचारून या. मग माझ्याकडे या. तूप मी तयार ठेवतो!