सागरतळीची पर्जन्यवही

नंदगडच्या शेतकऱ्याला समुद्र दिसत नाही. परंतु त्याच्या भातशेतीचे भवितव्य अरबी समुद्रावरून येणारे वारेच ठरवितात. तो ज्या खानापूर तालुक्यात राहतो, तेथूनच म्हादई गोव्याकडे उतरते आणि मलप्रभा पूर्वेस कृष्णेकडे वळते. या पाण्यावरून गोवा व कर्नाटक किती काळ भांडत आले, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. १४ ऑगस्ट २०१८ रोजी लवादाने गोव्यास २४, कर्नाटकास १३.४२ आणि महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट पाणी ठरवून दिले, तरी तंटा मिटला नाही. मात्र पाऊस यापुढेही असाच पडत राहील काय, हा प्रश्न या सर्व गदारोळात फारसा ऐकू येत नाही.

आपले हवामान खाते १८७५ सालचे. त्याहून कितीतरी जुनी पर्जन्यवही समुद्रतळाशी पडून आहे. जहाजावरून जड पोलादी नळी चिखलात रुतवून वर ओढली की गाळाचा उभा स्तंभ हाती येतो. खालचे थर जुने, वरचे नवे. त्यांत फोरामिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांची चुनखडी कवचे सापडतात. कवचांतील जड व हलक्या प्राणवायूचे प्रमाण पाहून त्या काळचे तापमान आणि पाण्याचा खारेपणा अजमाविता येतो. अरबी समुद्रात मध्यम खोलीवर प्राणवायू अत्यल्प असल्यामुळे तळ उकरणारे किडे तेथे फारसे जगत नाहीत आणि थर विस्कटत नाहीत. मासळीला मारक अशी ही गोष्ट संशोधकांच्या मात्र पथ्यावर पडली आहे!

या चिखलाची साक्ष स्पष्ट आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता आणि नैऋत्य मोसमी वारे दुबळे होते. दहा ते सहा हजार वर्षांपूर्वी ते आजच्याहून जोमदार झाले आणि पुढे पुन्हा ओसरले. पाऊस हा कायमचा ठेवा नव्हे. अर्थात पुढील वर्षीचा पाऊस हा गाळ सांगणार नाही. ते काही पंचांग नव्हे. पण अनेक पिढ्यांसाठी कालवे खोदणाऱ्यांनी हे चढउतार जमेस धरू नयेत काय?

१९६६ साली स्थापन झालेली दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आपल्या दाराशी आहे; ध्रुवीय व सागरी संशोधनाचे केंद्र वास्कोला आहे. म्हादईच्या पाण्याचा हिशेब मांडताना अभियंते आणि वकील यांच्या जोडीला तेथील शास्त्रज्ञांसही बोलवावे, अशी आमची मागणी आहे. ती पणजीच्या राज्यकर्त्यांकडे आहे, तशीच बंगळूरच्याही; कारण पाऊस हटला, तर नंदगडची विहीर आणि आमची मांडवी दोन्ही आटतील.