पाण्याखालचे बिननावाचे हेर

डिसेंबर २०२० मध्ये इंडोनेशियातील सेलायार बेटाजवळ एका मच्छीमाराला समुद्रात एक अपरिचित वस्तू सापडली. सुमारे सव्वादोन मीटर लांब, टॉर्पेडोच्या घाटाची, दोन्ही अंगांना पंख, शेपटीला अँटेना. ती पोलिसांकडून नौदलाकडे गेली. जानेवारी २०२१ मध्ये नौदलप्रमुखांनी ती पत्रकारांना दाखविली आणि हे समुद्रसंशोधनाचे ग्लायडर असून त्यावर कोणत्याही देशाची खूण नाही, असे सांगितले. चीनच्या ‘हाय यी’, म्हणजे ‘सागरपंख’, या ग्लायडरशी तिचे असलेले साम्य जाणकारांनी लगोलग ओळखले.

चारच वर्षांपूर्वी या नाटकातील भूमिकांची अदलाबदल झालेली होती. १५ डिसेंबर २०१६ रोजी फिलिपाइन्समधील सुबिक बेपासून सुमारे ५० सागरी मैलांवर ‘बाउडिच’ हे अमेरिकन नौदलाचे सर्वेक्षण जहाज आपले ग्लायडर पाण्याबाहेर काढीत होते. तेवढ्यात चिनी नौदलाने ते उचलून नेले. ते केवळ पाण्याचे तापमान आणि क्षारता मोजणारे साधन आहे, असा टाहो वॉशिंग्टनने फोडला. पाच दिवसांनी यंत्र परत मिळाले. स्वतःच्या किनाऱ्यावर मात्र चीन असल्या यंत्रांना संशोधन म्हणत नाही. ज्यांगसू प्रांतातील ज्या मच्छीमारांच्या जाळ्यांत परकी यंत्रे सापडली, त्यांना सरकारने हेरगिरी उघडकीस आणल्याबद्दल रोख इनामे दिली.

आपले यंत्र ते विज्ञान आणि दुसऱ्याचे यंत्र ती हेरगिरी, हा दोन्ही महासत्तांचा समान सिद्धान्त आहे. त्यात कोणताही वैचारिक मतभेद नाही.

हे ढोंग चालते, कारण दोन्ही वर्णने अर्धी खरी आहेत. ग्लायडरला पंखा नसतो. ते आपली तरणक्षमता किंचित कमीजास्त करून बुडते आणि वर येते, पंखांच्या आधाराने पुढे सरकते, आणि अत्यल्प विजेवर महिनोन् महिने जवळजवळ नि:शब्द फिरते. ते तापमान, क्षारता आणि दाब मोजते. पाण्यातील ध्वनीचा वेग याच तिहींवर ठरतो. ऊन पाण्याचा थर संपून थंड थर सुरू होतो तेथे ध्वनी वाकतो आणि त्याच्या सावलीत पाणबुडी लपते. तेव्हा एखाद्या सामुद्रधुनीतील पाण्याचे थर ज्याला पाठ आहेत, त्याला स्वतःची पाणबुडी लपविता येते आणि दुसऱ्याची हुडकता येते. मोसमी पावसाचा अंदाज आणि पाणबुडीची शिकार यांना लागणारे आकडे एकच आहेत. म्हणूनच प्रश्न यंत्र काय मोजते हा नसून, ते कोणासाठी, कोणाच्या संमतीने मोजते आणि आकडे कोणाच्या तिजोरीत जातात, हा आहे.

याचे उत्तर देणारी व्यवस्था जगात आहे. ‘आर्गो’ योजनेखाली सुमारे ४,००० तरंगती यंत्रे सर्व महासागरांत हेच मोजीत असतात. भारतही त्यात सहभागी आहे. हे आकडे एका दिवसाच्या आत जगाला खुले होतात. यंत्र वाहत दुसऱ्या देशाच्या क्षेत्रात जाण्याची शक्यता असेल तर त्या देशास आगाऊ कळवावे, असा ठराव आंतरशासकीय महासागरविज्ञान आयोगाने १९९९ मध्ये केला. उघड विज्ञानाला शिस्त आहे. छुप्या टेहळणीला मात्र मोकळे रान!

कायद्याचीही हीच दशा. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराने पाणबुडीला आणि इतर जलांतर्गत यानांना परक्या देशाच्या प्रादेशिक सागरातून जाताना पृष्ठभागावर येऊन आपला ध्वज दाखविण्याचे बंधन घातले. बिननावाच्या ग्लायडरने कोणता ध्वज दाखवावा? अनन्य आर्थिक क्षेत्रातील संशोधनास किनारी देशाची संमती लागते. त्यावर अमेरिकेचा युक्तिवाद असा, की लष्करी सर्वेक्षण हे संशोधनच नव्हे, म्हणून त्यास संमती नको. तोही अशा देशाचा, ज्याने या करारास आजवर मान्यताच दिलेली नाही! माणूस नसलेल्या यानामुळे ही पळवाट अधिक रुंद झाली. पकडलेला खलाशी ओळख सांगतो, त्याच्यासाठी सरकारला जबाब द्यावा लागतो. यंत्र हरवले तर मालकाने मौन पाळले की भागते.

भारताला हे दूरचे नाही. चीनने डिसेंबर २०१९ मध्ये हिंदी महासागरात १२ ‘सागरपंख’ सोडले आणि ३,४०० हून अधिक निरीक्षणे गोळा केली. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकन युद्धनौका लक्षद्वीपच्या पश्चिमेस भारताच्या आर्थिक क्षेत्रात परवानगीवाचून शिरली आणि तशी शिरल्याची जाहीर घोषणाही अमेरिकन आरमाराने केली. दिल्लीने निषेध नोंदविला. परंतु फेब्रुवारी २०२५ च्या मोदी-ट्रम्प संयुक्त निवेदनात अमेरिकेची अँड्युरिल कंपनी आणि मुंबईचा महिंद्र उद्योगसमूह यांनी मिळून स्वयंचलित सागरी साधने बनविण्याचे स्वागत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये याच अँड्युरिलला ‘घोस्ट शार्क’ या मानवरहित पाणबुड्यांसाठी ऑस्ट्रेलियाने १.७ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचे कंत्राट दिले. भीती जितकी खोल, तितका नफा उंच.

चीन हेरगिरी करीत असताना भारताने हात बांधून बसावे काय, असे विचारले जाईल. मुळीच नाही. स्वतःच्या किनाऱ्याची राखण करणे हा प्रत्येक देशाचा हक्क आहे. परंतु राखणदार होणे वेगळे आणि दुसऱ्याच्या टेहळणीचा कान होणे वेगळे. संयुक्तपणे बनलेल्या साधनांनी टिपलेले आकडे कोणाच्या हाती पडणार, हे संसदेपुढे आले पाहिजे. १९७१ मध्ये श्रीलंकेच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी हिंदी महासागर शांतताक्षेत्र घोषित केला होता. १९८९ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स त्या समितीतून बाहेर पडले आणि दिल्लीलाही हळूहळू त्या घोषणेचा विसर पडला.

ती मागणी आज नव्या आशयासह पुन्हा उभी केली पाहिजे. पाण्यात सोडलेल्या प्रत्येक मानवरहित यानावर देशाची खूण आणि नोंदणी असावी. आर्गोसारखीच आगाऊ सूचना बंधनकारक व्हावी. किनारी देशाच्या पाण्यात मोजलेले आकडे त्या देशास मिळावेत. आणि ज्या मच्छीमाराच्या जाळ्यात यंत्र अडकते त्याला चौकशीचा ससेमिरा नव्हे, तर फाटलेल्या जाळ्याची भरपाई मिळावी. समुद्र ज्यांचे पोट भरतो त्यांना त्याच्या तळाशी काय चालले आहे हे कळण्याचा पहिला अधिकार आहे. इंडोनेशियात, चीनमध्ये आणि फिलिपाइन्समध्येही हे हेर पकडले ते मच्छीमारांनीच. या प्रश्नाची चर्चा केवळ सेनापतींच्या आणि कंत्राटदारांच्या बैठकीत होऊ देणे, म्हणजे त्यांनाच या समुद्रातून हद्दपार करणे होय.