रंगाचे पैसे देता, घासण्याचे कोण देणार?

गेले तीन वीकांत मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उकिडवा बसून बाबांच्या २००६ सालच्या मारुती ८०० चं दार घासतोय. येणारे-जाणारे थांबतात, बघतात आणि हमखास एकच प्रश्न विचारतात, "अरे, इंजिनियर ना तू? दोन-चार हजार फेक आणि गॅरेजमधून करून घे की!"

तर लोकहो, फेकले होते. त्याचीच ही फळं आहेत.

मागच्या वर्षी मे महिन्यात याच दाराच्या खालच्या कडेला रंगाला फुगे आले होते. गॅरेजवाला म्हणाला, चार दिवस लागतील. मी म्हटलं, दोन दिवसांत द्या आणि पैसे कमी करा. झाला तयार! दार चकचकीत होऊन आलं, आणि पावसाळा संपेपर्यंत फुगे परत हजर. यंदा रंग खरवडून पाहिला तर आत काय? गंजावर थेट लांबी, लांबीवर रंग.

चूक कोणाची? गॅरेजवाल्याची आहेच, गंज झाकून दार परत देणं ही फसवणूकच. पण मी जे दोन दिवस कापले ते नेमके तयारीचे होते. रंग मारायला वेळ लागतोच किती? मी घासाघीस केली आणि त्यात घासणंच गेलं.

गंज म्हणजे नुसता डाग नव्हे. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि वरचा रंग उचलतो. लांबी पाणी शोषते, म्हणजे गंजावर लांबी भरणं हे त्याला ओलं पांघरूण घालणंच झालं. म्हणून चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासायचं. त्याच्याही आधी गाडी धुवून मेण आणि तेलकटपणा पुसायचा, नाहीतर पेपर तेच मेण ओरखड्यांत कोंबतो आणि नव्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. मग ८० नंबरचा पेपर, मग लांबी. ती कोरडीच सपाट करायची, १८० आणि ३२० ने. पाणी लावलंत की पुन्हा तेच रामायण! मग प्रायमर, त्यावर काळ्या रंगाचा हलका फवारा, आणि ठोकळ्याला गुंडाळलेला ४०० नंबरचा वॉटर पेपर. जिथे काळं उरलं तिथे खड्डा. आमच्या भाषेत, टेस्टिंग.

तीन रविवारांत माझी बोटं सोलली. गॅरेजमधला पोरगा हे रोज करतो, तोंडाला फार तर रुमाल बांधून. हार्डनर घालून फवारतात त्या रंगात बहुधा आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडू शकतो आणि साधा मास्क पुरत नाही. म्हणून मी घरी तो रंग वापरणारच नाहीये. साधा स्प्रे कॅन आणणार, तोही मोकळ्या हवेत आणि मास्क लावून. त्या पोराला असं निवडायची मुभा कोण देतं? आपण तर त्याच्या कामाचे दिवसही भाव करून कमी करतो.

क्लायंट टेस्टिंगचे दिवस कापतो तेव्हा आपण कँटीनमध्ये बसून तासभर शिव्या घालतो. गॅरेजच्या दारात मात्र आपणच तो क्लायंट असतो!

सगळ्यांनी घरी गाडी घासत बसावं असं माझं म्हणणं नाही. पण पुढच्या वेळी "किती घेणार?" च्या आधी विचारा, "गंज कुठपर्यंत काढणार? लांबी भरायच्या आधी पत्रा बघायला बोलवाल का?" आणि तो चार दिवस म्हणाला तर मुकाट चार दिवसांचे पैसे द्या.

असो. दाराची एक कड अजून बाकी आहे. बाबा गॅलरीतून विचारताहेत, "रंग कधी लावणार रे?"

बाबासुद्धा शेवटी क्लायंटच!