ब्रो, डूड आणि रेट ऑफ इंटरेस्ट

आमच्या मोहल्ल्यांत सध्या दोन दुकानं कुठेही उघडली तरी चालतात. एक मोबाइल दुरुस्तीचं, दुसरं स्पोकन इंग्लिशचं. पहिल्याबद्दल माझी तक्रार नाही. तिथे दिलेली वस्तू निदान चालू होऊन परत मिळते.

दुसऱ्याच्या पाटीवर '30 दिवसांत फाडफाड इंग्रजी' असं लिहिलेलं असतं. त्यात आता नवा माल आलाय, रोजच्या वापरातलं स्लँग. 'गोइंग टू' म्हणू नका, 'गॉना' म्हणा. 'हाऊ आर यू' जुनं झालं, 'व्हॉट्स अप ब्रो' म्हणा. रील्समध्येही हेच. उर्दू माध्यमातून दहावी झालेली मुलं वहीत दोन रकाने आखून हे शब्द पाठ करतात आणि अम्मी-अब्बा पोटाला चिमटा काढून फी भरतात. या प्रकाराला मी शिक्षण म्हणणार नाही. ही फसवणूक आहे, आणि ज्यांना फसवणं सगळ्यात सोपं त्यांचीच ती होते आहे.

स्लँग वहीत उतरवून येत नाही. माणसं एकत्र राहतात, राबतात, कंटाळतात, एकमेकांची टर उडवतात, त्यातून ते उगवतं. इंग्रजांचंच बघा. नाशिकजवळच्या देवळालीत गोऱ्या सैनिकांची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे महिनोन् महिने पडून राहत. काम नाही, उकाडा, दारू. काहींचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत 'डूलाली टॅप' हा शब्द आला. डूलाली म्हणजे आपली देवळाली, टॅप म्हणजे ताप. वेडसर माणसाला इंग्लंडमध्ये आजही 'डूलाली' म्हणतात. आरामाच्या नोकरीला ते 'कुशी' म्हणतात, ते आपल्या खुश-खुशीवरून. 'हॅव अ डेको' यातला डेको म्हणजे 'देखो'. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या टॉमीला घरची आठवण आली की तो इंग्लंडला 'ब्लायटी' म्हणायचा. मूळ शब्द विलायती. अँग्लो-इंडियन शब्दांचा जो मोठा कोश 1886 मध्ये निघाला, त्याचं नावच 'हॉब्सन-जॉब्सन'. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसैन' हा पुकारा गोऱ्या कानांना तसा ऐकू आला होता!

त्या टॉमीने हिंदुस्तानी स्लँगचा क्लास लावला नव्हता. भिश्ती, धोबी, खानसामा यांच्यात तो राहिला, कानावर पडलं ते त्याने उचललं आणि बिनधास्त मोडून-तोडून वापरलं. उच्चार चुकल्याची लाज त्याला वाटली नाही. आमच्या पोराने 'इस्टेशन' म्हटलं की मात्र क्लासवाला सगळ्यांसमोर हसतो. हाच पोरगा 'ज़ीरो'तला ज़ आणि 'फ़ोन'मधला फ़ कुणी न शिकवता अचूक म्हणतो. ती देणगी उर्दूची आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. सांगितलं तर लाज कशी विकणार?

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं, आणि ते अगदीच पोकळ नाही. कॉलेजात इंग्रजी माध्यमाची मुलं असतात, त्यांच्या घोळक्यात आपली मुलं गप्प बसतात, म्हणून हे शिकवावं लागतं. गप्प बसतात हे खरं आहे. पण पाठ केलेला 'डूड' त्या घोळक्यात एका वाक्यात उघडा पडतो, आणि दुसऱ्या वाक्याला मुलगा पुन्हा गप्प होतो. तिथले शब्द तिथल्या दोस्तीतून येतील, क्रिकेटच्या कॉमेंट्रीतून येतील, सिनेमातून येतील. फुकट येतील.

रोजची इंग्रजी खरं तर वेगळीच आहे आणि ती घराघरात पडलेली आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून सगळ्या माध्यमांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहा वर्षं शिकूनही औषधाच्या पाकिटावरचं 'एम्प्टी स्टमक' वाचून अम्मीला गोळी कधी द्यायची हे मुलाला सांगता येत नसेल, तर आधी काय शिकवायला हवं? 'नॉन-रिफंडेबल', 'ड्यू डेट', 'व्हॅलिड अपटू', 'नॉट अ‍ॅप्लिकेबल' हे शब्द कोणत्या रीलमध्ये आहेत? 'सब्जेक्ट' म्हणजे शाळेतला विषय हे सगळ्यांना ठाऊक आहे. कागदावर 'सब्जेक्ट टू' आलं की सगळे अडतात. बँक खात्याच्या फॉर्मवरचा 'नॉमिनी' आपल्याकडे सर्रास वारस समजला जातो. तो वारस नव्हे. तो पैसे फक्त ताब्यात घेतो, वाटप विरासतीच्या कायद्यानेच व्हायचं असतं. या एका शब्दावरून भाऊ-बहिणी एकमेकांच्या दारात जाईनाशा झाल्या आहेत.

आणि 'इंटरेस्ट'! क्लासच्या वहीत त्याचा अर्थ रस, आवड. कर्जाच्या कागदावर त्याचा अर्थ सूद. सूद हराम म्हणून बँकेत जास्त पैसे न ठेवणारा बाप मुलाच्या मोबाइलसाठी किंवा बाइकसाठी दुकानात बसून तीन-चार पानांवर सह्या करतो. त्या पानांवर 'रेट ऑफ इंटरेस्ट' स्पष्ट छापलेलं असतं. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्येसुद्धा बऱ्याचदा व्याज लागतंच, दुकानदार तेवढी सूट वेगळी दाखवतो, एवढंच. घ्यायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या ईमानाचा प्रश्न. मी फतवे देत नाही. पण काय घेतोय हे कळायला तर हवं. शेजारी बसलेल्या, तीस दिवसांचा कोर्स केलेल्या मुलाला ते वाचता येत नाही. त्याला सेल्समनला 'थँक्स ब्रो' म्हणता येतं.

म्हणून पुढच्या वेळी फी भरायला जाल तेव्हा घरातला कुठलाही एक इंग्रजी कागद सोबत न्या. विजेचं बिल, डिस्चार्ज कार्ड, कर्जाचा करार, काहीही. क्लासवाल्यासमोर तो ठेवा आणि विचारा, तीस दिवसांपैकी कितव्या दिवशी हा शिकवणार.