थंडीतले खमीर

डिसेंबरात माजलगावला गारवा पडला की आमच्या घरी खमिरी रोटीचे पीठ काही केल्या फुगत नसे. मग अम्मी पातेले जुन्या रजईत गुंडाळून चुलीजवळ ठेवायच्या. खमीर म्हणजे बुरशीच्याच कुळातला बारीक जीव. त्याच्या अंगातली विकरे, म्हणजे एन्झाइम, पिठातल्या साखरेवर काम करतात आणि थंडीत ती सुस्तावतात. उर्दूत विकराला खामरा म्हणतात; खमीरशी त्याचे नाते उघडच आहे. एन्झाइम हा शब्दही ग्रीक भाषेतल्या खमिरावरूनच आला. भाषेच्या शिक्षिकेला एवढे विषयांतर माफ असावे.

मग ध्रुवाजवळच्या समुद्रात ज्या बुरश्या राहतात, त्यांना रजई कोण पांघरते? तिथले खारे पाणी शून्याखाली 1.8 अंशांच्या आसपास गोठते. त्या बर्फात, तळच्या गाळात, समुद्रशेवाळावर बुरशी वाढतेच. बुरशीला तोंड नाही. ती विकरे बाहेर सोडते, अन्न बाहेरच विरघळवते आणि मग शोषून घेते. विकरे सुस्तावली तर उपासमारच! म्हणून तिच्या विकरांची वीण सैल असते. आपल्याकडच्या विकरांची वीण घट्ट, त्यांना हलायला ऊब लागते. ही मात्र गारठ्यातही लवतात. त्याची किंमतही आहे. थोडी उष्णता वाढली की ती लवकर मोडून पडतात.

हे वाचताना मला माझी जुनी चूक आठवली. लग्नानंतरच्या पहिल्या बकरी ईदला रक्ताचे डाग पडलेला कुर्ता मी पावडर घालून उकळत्या पाण्यात भिजवला. सासूबाई "गार पाण्यात टाक" म्हणत होत्या, पण मी शिकलेली ना! डाग कायमचा बसला. उकळत्या पाण्याने रक्तातले प्रथिन थिजते आणि पावडरीतली विकरेही निकामी होतात. गारठ्यात चालणारी विकरे पावडरीत असली, तर सालनाचे तेलकट डागही नळाच्या पाण्यात सुटतात आणि पाणी तापवायचा गॅस वाचतो. ज्यांना दूध पचत नाही, त्यांच्यासाठी दुधातली साखर अशा विकरांनी थंड दुधातच फोडता येते. दूध नासायची भीती कमी.

हे संशोधन आपल्यापासून फार दूर नाही. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवर 2008 पासून भारताचे 'हिमाद्री' केंद्र आहे. तिथल्या हिमनद्यांवरच्या खळग्यांतून आपल्या शास्त्रज्ञांनी यीस्ट आणि बुरश्या वेगळ्या काढून त्यांची विकरे तपासली आहेत. या वाटेची सुरुवातही गोव्यातूनच झाली. 6 डिसेंबर 1981 रोजी 21 जणांची तुकडी तिथून निघाली आणि 9 जानेवारी 1982 रोजी अंटार्क्टिकावर उतरली. तुकडीचे प्रमुख होते डॉ. सय्यद जहूर कासिम, जन्माने इलाहाबादचे, शिक्षणाने अलीगढचे, पुढे जामिया मिल्लियाचे कुलगुरू.

वर्गात हे सांगितले तेव्हा दहावीतली एक मुलगी थांबून राहिली. "बाजी, हे शिकायला बारावीनंतर काय घ्यावे लागते?" मी म्हटले, सूक्ष्मजीवशास्त्र. घरी तिच्या डी.एड.चे जवळपास ठरले आहे. सोमवारी तिच्या अम्मींना शाळेत बोलावले आहे. वसतिगृहाच्या खर्चाचा कागद मी तयार ठेवला आहे.