सापकांद्याची जमीन

जूनचे पहिले पाऊस मुरले की लोणावळा-खंडाळ्याच्या सावलीतल्या उतारांवर कुजलेल्या पाल्यातून सापकांदा वर येतो. आधी फुलोरा येतो, पान नंतर. फुलोऱ्यावर फणा काढल्यासारखे पांढरे आवरण असते, आतून जांभळट. तो ओसरला की पर्णिकांचे एकच मोठे पान उरते आणि पावसाळा सरता तेही जाते. वर्षाचा बाकीचा काळ ही वनस्पती मातीखाली, कांद्यात जगते.

त्या कांद्याच्या साठ्यावर तिचे लिंगही ठरते. साठा थोडा असेल तर फुलोरा नर. कांदा पोसला गेला की तीच वनस्पती पुढे मादी होते, कारण फळे धरायला ताकद लागते. एखाद्या वर्षी पानच तुडवले गेले, तर पुन्हा नर. जुलैतल्या पर्यटकांच्या गर्दीने चिरडलेले एक पान पुढच्या हंगामाचे बी घेऊन जाते, आणि हे कोणाच्या नजरेस पडत नाही.

सापकांद्याला शास्त्रीय नाव दिले जॉन ग्रॅहम या टपाल खात्यातल्या अधिकाऱ्याने, मुंबई परिसरातील वनस्पतींच्या आपल्या सूचीत. सूची १८३९ची, त्याच वर्षी ग्रॅहम खंडाळ्यात वारले. आजही मावळच्या रानात सापकांदा सहज भेटतो. बोलायचे ते आताच, तो दुर्मिळ झाल्यावर नव्हे.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एका कुटुंबातील पाचजण वाहून गेले, त्यानंतर पर्यटनस्थळांवर निर्बंध आले. ते आवश्यकच होते. पण पायवाट सोडून उतारावर पसरणाऱ्या गर्दीचा विचार त्यात जमिनीच्या बाजूने झालेला नाही. १९७५चा झाडे जतनाचा कायदा नागरी भागातील वृक्षांपुरता आहे. बंगल्यासाठी उतार सपाट करताना आंबा-जांभूळ तोडायची परवानगी मागावी लागते. जेसीबीने खरवडलेल्या वीतभर मातीतल्या कांद्यांचा हिशेब कोणी विचारत नाही. पावसाळ्यात हौसेने होणारे वृक्षारोपणही कधी याच मातीत खड्डे पाडते. हेतू चांगला असला तरी जागा चुकते.

वन विभाग आणि लोणावळा नगरपरिषद यांनी खोदकामाला परवानगी देण्याआधी त्या जागेची वनस्पती-पाहणी सक्तीची करावी, आणि ती जून-जुलैतच व्हावी. जानेवारीत पाहणी करणाऱ्याला तिथे पालापाचोळ्याशिवाय काही सापडणार नाही.