जमीन समाजाची, घर कुटुंबाचे

रमजान अर्ध्यावर आला की जालन्याच्या मोहल्ल्यांत जकातीचे हिशेब सुरू होतात. त्या पैशातून गरजूंची ईद होते, औषधपाणी होते, कुणाचे थकलेले घरभाडेही भरले जाते. पण पुढच्या रमजानला तेच कुटुंब, तीच भाड्याची खोली. समृद्धी महामार्गाच्या काळात स्टील कारखान्यातल्या मजुराला शहरालगत गुंठाभर जागा घेणेही जमत नाही.

इस्लामने जकातीबरोबर वक्फचाही मार्ग दाखवला आहे. हजरत उमर (रजि.) यांना खैबर येथे जमीन मिळाली, तेव्हा पैगंबरांनी (स.) सल्ला दिला की मूळ जमीन राखावी आणि उत्पन्न दान करावे. ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. विनोबांच्या ग्रामदानात जमिनीची मालकी गावाकडे जाते, कसणारे कुटुंब मात्र तेच राहते. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २०१३ मध्ये हाच मार्ग धरला. ग्रामदानापासून प्रेरणा घेऊन अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात, १९६९ मध्ये कृष्णवर्णीयांनी सामुदायिक भूमी न्यास उभारला. आज तिकडच्या अशा अनेक न्यासांत जमीन न्यासाची आणि घर कुटुंबाचे असते. घर विकायचेच झाले तर ठरलेल्या मर्यादित किमतीत, पुढच्या गरजूला.

वक्फच्या मोकळ्या जमिनीवर हे का होऊ नये? सच्चर समितीने २००६ मध्ये देशात ४.९ लाख नोंदणीकृत वक्फ मालमत्ता मोजल्या. त्यांचे वार्षिक उत्पन्न अवघे १६३ कोटी रुपये होते. २०१३ च्या दुरुस्तीने व्यापार, शिक्षण आणि आरोग्यासाठी ३० वर्षांपर्यंत पट्टा देण्याची सोय केली. त्या यादीत गरिबाच्या घराचे नाव नाही. ते जोडले गेले पाहिजे.

अर्थात मशीद, दर्गा, कब्रस्तान यांच्या जागेला हात लागता कामा नये. दान करणाऱ्याचा हेतू मोडता कामा नये. पट्टा कुणाला, कितीला दिला, हे फलकावर लागावे. मुतवल्लीच्या नातलगांची सोय तिथे नको. आणि वक्फनाम्यात 'गरिबांसाठी' एवढेच लिहिले असेल, तर गरिबाचा धर्म विचारण्याचे कारण नाही.

सुरुवात साधी आहे. ईदपूर्वी प्रत्येक मुतवल्लीने आपल्याकडील मोकळ्या जागेची खरी यादी लोकांसमोर ठेवावी. अमानत कुठे आहे, हे कळल्याशिवाय तिचा हक्कदार शोधता येणार नाही.